खुली शासकीय विदा आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्य : पुणे शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्वयंसेवी संस्थांना निधी आणि मनुष्यबळाइतकीच विश्वसनीय माहितीची गरज असते. कोणत्या वस्तीत शौचालये नाहीत, कोणत्या गल्लीपर्यंत मलवाहिनी पोहोचली आहे, हे नेमके ठाऊक नसेल तर मर्यादित निधी अस्थानी खर्च होतो. यांपैकी बरीचशी माहिती शासनाकडे असते. परंतु ती कार्यालयातील नस्त्यांमध्येच राहते. ही माहिती खुली झाल्यास सेवाकार्यास कोणते साहाय्य होऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात करण्यात आला आहे.

संकल्पना व कायदेशीर आधार :

शासकीय यंत्रणेने जमा केलेली, कोणासही विनामूल्य मिळणारी, संगणकावर थेट वापरता येणारी आणि पुनर्वापराची मुभा असलेली माहिती म्हणजे खुली शासकीय विदा होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. नागरिकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, हा त्यामागील हेतू आहे. २०१२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय विदा सहभाजन व सुगम्यता धोरण स्वीकारले. पुणे महानगरपालिकेनेही पुढे खुल्या विदेचे स्वतंत्र संकेतस्थळ निर्माण केले.

माहिती मागून मिळणे आणि ती खुली असणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारात संस्थेस प्रत्येक वेळी अर्ज, प्रतीक्षा आणि अपील या मार्गाने जावे लागते. दुसऱ्या प्रकारात लहान संस्थाही मोठ्या संस्थेच्या बरोबरीने नियोजन करू शकते.

पुण्यातील झोपडपट्टी गणना :

या विषयाचे बोलके उदाहरण पुण्यातच आढळते. १९९९ मध्ये महानगरपालिकेने झोपडपट्ट्यांतील सामुदायिक शौचालयांच्या बांधकामासाठी स्वयंसेवी संस्थांना निमंत्रित केले. त्यानंतर २००० च्या सुमारास महानगरपालिकेने ‘शेल्टर असोसिएट्स’ या पुण्यातील संस्थेकडे झोपडपट्ट्यांच्या गणनेचे काम सोपविले. वस्तीतील रहिवाशांच्या सहभागाने घरोघरची सामाजिक-आर्थिक माहिती गोळा करून ती भौगोलिक माहिती प्रणालीद्वारे वस्तीच्या नकाशाशी जोडण्यात आली.

या जोडणीचे महत्त्व संस्थेच्या ‘एक घर, एक शौचालय’ या उपक्रमात दिसून येते. वैयक्तिक शौचालय बांधण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी कळाव्या लागतात. कोणत्या घरात शौचालय नाही, ही माहिती सर्वेक्षणातून मिळते. त्या घराजवळ मलवाहिनी आहे किंवा नाही, हे मलनिस्सारण व्यवस्थेच्या नकाशावरून समजते. दोन्ही एकत्र आल्यावरच कोठे तातडीने काम सुरू करता येईल आणि कोठे आधी वाहिनी टाकणे आवश्यक आहे, हे ठरते. या उपक्रमात संस्था बांधकामाचे साहित्य घरपोच देते आणि बांधकामाचा खर्च कुटुंब स्वतः उचलते. अशा वेळी चुकीच्या माहितीची किंमत गरीब कुटुंबालाच मोजावी लागते.

वापरातील अडचणी :

पहिली अडचण कालबाह्यतेची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. त्यानंतरची जनगणना लांबणीवर पडली. दरम्यान २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यामुळे जुनी आकडेवारी आणि आजची हद्द यांचा मेळ बसत नाही.

दुसरी अडचण एककाची आहे. २००७, २०१२ आणि २०१७ या तिन्ही महानगरपालिका निवडणुकांत प्रभागरचना बदलली. प्रभागनिहाय आकडे त्यामुळे सहज तुलनीय राहत नाहीत. शिवाय प्रभागाच्या सरासरीत सुस्थित सोसायटी आणि तिच्या शेजारची वस्ती एकत्र मोजली जाते. वस्तीची उणीव त्या सरासरीत झाकली जाते. अघोषित झोपडपट्ट्या तर अनेकदा नोंदीबाहेरच राहतात.

तिसरी अडचण स्वरूपाची आहे. छायांकित कागद किंवा युनिकोड नसलेल्या टंकातील तक्ते डोळ्यांनी वाचता येतात. परंतु संगणकास त्यांची बेरीज करता येत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न :

घरनिहाय माहिती सेवाकार्यास उपयुक्त असली, तरी ती नावानिशी प्रसिद्ध होणे घातक ठरू शकते. निष्कासनाची टांगती तलवार असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या जबाबदारीस कायद्याचे अधिष्ठान लाभले आहे. तथापि गोपनीयतेचे कारण पुढे करून मलवाहिनी, शौचालये वा खर्च यांची माहिती रोखणे समर्थनीय ठरत नाही. या माहितीत कोणाचेही खासगी जीवन उघड होत नाही.

निष्कर्ष :

१) विदेची उपयुक्तता तिच्या प्रमाणापेक्षा तिच्या सूक्ष्मतेवर अवलंबून असते. प्रभागाऐवजी वस्ती हे एकक स्वीकारणे आवश्यक आहे.

२) प्रत्येक तक्त्यासोबत संकलनाची तारीख, हद्द आणि पद्धत नमूद केली जावी.

३) स्वयंसेवी संस्थांनी शासकीय विदेचा केवळ वापर न करता, आपल्या सर्वेक्षणातील माहिती व्यक्तींची ओळख वगळून शासनास परत द्यावी.

४) वस्तीतील रहिवाशांना आपल्या वस्तीविषयीची माहिती तपासण्याची व दुरुस्त करून घेण्याची संधी मिळावी.

समारोप :

केवळ संकेतस्थळावर तक्ते ठेवल्याने विदा खुली होत नाही. ज्या गल्लीविषयी ती आहे, त्या गल्लीतील कामाचा निर्णय तिच्या आधारे घेता आला, तरच ती खऱ्या अर्थाने खुली झाली असे म्हणता येईल. पुण्याच्या झोपडपट्टी गणनेने दाखविलेली शासन, संस्था आणि रहिवासी यांच्या सहकार्याची दिशा या दृष्टीने आजही मार्गदर्शक आहे.