जुना कॉम्प्युटर प्लगला लावण्याआधी



आजचा विषय आहे बेसमेंटमधलं ते खोकं. घर बदलताना, अडगळ आवरताना, नाहीतर शेजारच्या गराज सेलमध्ये एखादा जुना कॉम्प्युटर हाती लागतो. कमोडोर ६४, ॲपल टू, सुरुवातीचा एखादा मॅकिंटॉश, किंवा थ्री-एटी-सिक्सचा पीसी. आपला हात सगळ्यांत आधी कुठे जातो? वायरकडे! "चालतो का ते तर बघू." आज मला मुख्यतः हेच सांगायचंय, की तेवढी घाई करू नका. चाळीस वर्षं शाबूत राहिलेलं यंत्र त्या एका क्षणात कायमचं जाऊ शकतं. ते कसं, आणि मग करायचं काय, हे आज पाहू.

माझा व्यवसाय आयटी सल्लागाराचा. कंपन्यांना मी रोज सांगतो, की जुनं काढा, नवं घ्या. इथल्या टॅक्सच्या हिशोबात कॉम्प्युटरचं आयुष्य पाच वर्षांचं धरतात. या छंदात गणित उलटं असतं. इथे चाळीस वर्षांचं यंत्र आणखी वीस वर्षं कसं चालेल, हा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

थोडा इतिहास सांगतो. १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाची चिप २५ डॉलरला विकायला काढली. तशा कामाच्या इतर चिप्सना तेव्हा शेकडो डॉलर पडत. घरात परवडेल असा कॉम्प्युटर शक्य झाला तो अशा स्वस्त चिप्समुळे. १९७७ सालचा ॲपल टू याच चिपवर चालायचा. १९८२ साली ५९५ डॉलरला आलेल्या कमोडोर ६४ मध्ये तिचीच धाकटी बहीण होती. आपल्यापैकी काहींनी १९८०च्या दशकात भारतात शाळेत 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून आलेला बीबीसी मायक्रो पाहिला असेल. त्याचाही मेंदू हाच. या चिपची सुधारित आवृत्ती ॲरिझोनातली एक कंपनी आजही नवी बनवून विकते.

सांगायचा मुद्दा असा, की चिप्स तशा चिवट असतात. जुने कॉम्प्युटर बहुतेक वेळा मरतात ते चिप्सच्या आजूबाजूच्या स्वस्त भागांमुळे. असे तीन भाग लक्षात ठेवा : पॉवर सप्लाय, बॅटरी आणि कपॅसिटर.

पहिला पॉवर सप्लाय. कमोडोर ६४ सोबत विटेसारखा एक जड काळा ठोकळा येतो. त्यातून कॉम्प्युटरला एक ५ व्होल्टची आणि एक ९ व्होल्टची लाइन जाते. ५ व्होल्ट कायम राखणारा भाग आत रसायनात ओतून बंद केलेला असतो. उष्णता बाहेर पडायला वाट नाही, आणि उघडून दुरुस्त करायचीही सोय नाही. तो भाग निकामी झाला, की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज जातं. पहिला बळी मेमरीच्या चिप्सचा, मग बाकीच्यांचा. कमोडोरच्या आवाजाची आणि चित्राची चिप त्या कंपनीने स्वतः बनवलेली होती, आणि कंपनी १९९४ साली बुडाली. त्या मूळ चिप्स आता कुठेही नव्या बनत नाहीत. म्हणजे काही डॉलरच्या भागापायी पुन्हा न मिळणारी वस्तू जाते.

मग करायचं काय? साधा मल्टीमीटर घ्या. ठोकळा कॉम्प्युटरला न जोडता आधी त्याचं व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टची लाइन सव्वापाचच्या वर दिसली, तर तो ठोकळा बाद. पण आकडा बरोबर आला म्हणून निश्चिंतही होऊ नका. कित्येक ठोकळे थंड असताना बरोबर दाखवतात आणि तापल्यावर घसरतात. म्हणून जाणकार मंडळी मूळ ठोकळा शोभेला ठेवतात आणि नव्याने बनवलेला पॉवर सप्लाय वापरतात.

कॉम्प्युटर भारतातून किंवा इंग्लंडमधून आणलेला असेल, तर त्यावर किती व्होल्ट लिहिलेत तेही बघा. तिकडे २३० ते २४० व्होल्ट, इथे १२०. तिकडचं यंत्र इथे बहुधा नुसतं चालणार नाही. पण इथलं यंत्र तिकडे तसंच लावलं, तर जळेल.

दुसरा भाग बॅटरी. बंद असतानाही घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर छोटी बॅटरी असते. थ्री-एटी-सिक्सच्या काळातल्या अनेक पीसींवर आणि काही अमिगा कॉम्प्युटरवर ती निळ्या रंगाची, पिंपासारखी, बोर्डला सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षं पडून ती गळते. तिच्यातला क्षार बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खातो. हिरवी-निळी बुरशी आल्यासारखं दिसलं, की समजा तेच आहे. मॅकिंटॉशमध्ये अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियमची बॅटरी असते. ती फुटली, तर गंज सगळ्या बोर्डभर पसरतो.

हा भाग सर्वांत तातडीचा, कारण नुकसान व्हायला कॉम्प्युटर चालू करावाच लागत नाही. आपण हा कार्यक्रम ऐकतोय तेव्हाही ती बॅटरी गळत असेल. दुरुस्ती जमत नसेल, आवड नसेल, यंत्र पुढेमागे विकायचं असेल, तरी एवढं एक काम करा. झाकण उघडा आणि बॅटरी काढून टाका. मॅकची बॅटरी खाचेत बसवलेली असते, हाताने निघते. निळी बॅटरी कटरने कापून काढता येते. तिची गळती दिसली, तर हातमोजे घाला. कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर लावा, म्हणजे क्षार निष्प्रभ होतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या.

तिसरा भाग कपॅसिटर. हा वीज क्षणभर साठवून धरणारा भाग. १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि १९९०च्या सुरुवातीला बोर्डवर चिकटवलेले छोटे, ॲल्युमिनियमच्या डब्यांसारखे कपॅसिटर आले. त्यांच्यातला द्रव हळूहळू झिरपतो. मॅकिंटॉश एसई-३० सारख्या यंत्रांत पहिलं लक्षण म्हणजे आवाज बारीक होणं. सोल्डरिंग गन टेकवली, की मासळीसारखा वास येतो. दुसरा प्रकार पॉवर सप्लायमध्ये असतो. पारदर्शक पिवळसर, आत कागद गुंडाळलेला. ॲपल टूच्या आणि बीबीसी मायक्रोच्या बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये तो सापडतो. कालांतराने त्याला चिरा जातात, आत दमट हवा शिरते, आणि एक दिवस फट्‌ आवाज होऊन खोलीभर धूर होतो. दोन्ही प्रकारांवर उपाय एकच : जुने काढून नवे लावायचे. भाग काही डॉलरचे, काम एका दुपारचं. सोल्डरिंग म्हणजे आपल्याकडे फुटक्या भांड्याला डाग देतात तसंच. सरावाने जमतं. पण पहिला सराव निकामी बोर्डवर करा, आजीच्या दागिन्यावर नको!

एक धोका मात्र गंभीर आहे. जुना मॉनिटर आणि स्क्रीन अंगातच असलेला मॅकिंटॉश यांत काचेची पिक्चर ट्यूब असते. ती चालते दहा हजारांहून जास्त व्होल्टवर, आणि वायर काढल्यानंतरही तो भार आत राहू शकतो. तो उतरवायची रीत जाणकाराकडून समोरासमोर शिकल्याशिवाय अशा यंत्राचं झाकण उघडू नका, बॅटरी काढायलासुद्धा नाही. ते काम जाणकारालाच द्या.

हे सगळं झालं, की मग यंत्र सुरू करायची पाळी. उघडल्यावर आधी फोटो काढा, म्हणजे कोणती वायर कुठे होती ते कळतं. धूळ झटका. खाचेत बसवलेल्या चिप्स हलक्या हाताने दाबून बसवा. नुसत्या तेवढ्याने चालू झालेले ॲपल टू पुष्कळ आहेत. तरीही स्क्रीन काळाच राहिला, तर कोणती चिप अवाजवी तापते ते पाहा. तीच बहुधा दोषी.

आता अपग्रेडकडे येऊ. कमोडोरच्या एका फ्लॉपीवर साधारण १७० किलोबाइट मावायचे. आज एसडी कार्डचा छोटा जोड मिळतो. कॉम्प्युटरला वाटतं, आपल्याला फ्लॉपी ड्राइव्हच लावलाय. ३२ गिगाबाइटच्या एका कार्डवर तशा लाखाहून जास्त फ्लॉपी मावतील. मॅकच्या बंद पडलेल्या हार्डडिस्कच्या जागीही असाच जोड बसतो. यात एक नियम पाळा : जे लावाल ते पुन्हा काढता यायला हवं. नवा सॉकेट बसावा म्हणून डबा कापू नका, मूळ भाग फेकू नका. लेबल लावून पिशवीत ठेवा.

हा झाला यंत्राचा भाग. पण खरी संपत्ती खोक्याच्या तळाशी असते. ती म्हणजे फ्लॉपी. १९८० आणि ९०च्या दशकात इथे आलेल्या आपल्या लोकांनी त्यांवर काय काय साठवलं? मंडळाच्या सभासदांच्या याद्या, एकांकिका, दिवाळी अंकांचा मजकूर, आई-वडिलांना लिहिलेली पत्रं. फ्लॉपीवरचं चुंबकीय नोंदणं दरवर्षी थोडं पुसट होतं. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह स्वस्त मिळतो, पण तो साडेतीन इंची पीसी फ्लॉपीच वाचतो. सव्वापाच इंची फ्लॉपी किंवा जुन्या मॅकच्या ८०० किलोबाइटच्या फ्लॉपी त्याला कळत नाहीत. त्यासाठी 'ग्रीझवीझल'सारखं छोटं सर्किट मिळतं. ते जुन्या ड्राइव्हला जोडून थेट चुंबकीय खुणाच टिपून घेतं. फ्लॉपीवर बुरशी दिसली, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. फ्लॉपी तर खरवडेलच, पण ड्राइव्हचं डोकं खराब होऊन पुढच्या फ्लॉपीही जातील.

आणि एक खास मराठी अडचण. फाइल वाचली गेली, तरी उघडल्यावर त्यात 'क' ऐवजी भलतंच चिन्ह दिसतं. फाइल खराब नाही. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी प्रत्येक देवनागरी सॉफ्टवेअरचे सांकेतिक आकडे निराळे होते. सरकारी प्रमाण 'इस्की' होतं, पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं, आणि खाजगी फॉन्ट तर कितीतरी. इथे अमेरिकेत काहीजण अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' पद्धतीने रोमन अक्षरांत मराठी टाइप करत. म्हणून मजकुराच्या फाइलसोबत तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअरही जपा. फॉन्ट हरवला, तर मजकूर हाती असून वाचता येणार नाही. फ्लॉपीवरचं लेबल उतरवून ठेवा. ज्याने टाइप केलं ती व्यक्ती हयात असेल, तर आजच फोन करून विचारा, की कशात टाइप केलं होतं.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. न्यू जर्सीत वॉल टाउनशिपला कॅम्प एव्हन्स आहे. १० जानेवारी १९४६ रोजी तिथूनच चंद्रावर रडारचा संदेश पाठवून त्याचा प्रतिध्वनी टिपला होता. आज त्याच आवारात इन्फोएज संग्रहालय आहे, आणि तिथे विंटेज कॉम्प्युटर फेडरेशनचं जुन्या कॉम्प्युटरचं दालन आहे. दर वसंतात तिथे त्यांचा मेळावा भरतो. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आणि शिकागोजवळही असे मेळावे होतात. मुलांना घेऊन जा. बटण दाबताक्षणी सुरू होणारा आणि झाकण उघडलं तर एकेक भाग ओळखता येणारा कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला नसतो.

तर श्रोतेहो, या शनिवारी खोकं उघडा. वायर बाजूला ठेवा. काचेची ट्यूब नसेल, तर झाकण काढा आणि बॅटरी काढा. फ्लॉपी दमट बेसमेंटमधून वरच्या मजल्यावर आणा. बाकीचं सवडीने होईल.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार!