डायरीच्या शेवटच्या पानावरचे सिनेमे

डिसेंबर लागला की ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘काय, पुढच्या वर्षी कोणकोणते सिनेमे बघायचे?’ सिनेमावेडा माणूस म्हणून गल्लीत माझी तेवढी ख्याती आहे. मीही तयारीत असतो. नव्या वर्षाची खिशातली डायरी आली की तिचं शेवटचं पान मी उभं दुमडतो आणि दोन रकान्यांत यादी करायला बसतो.

डावा रकाना सोपा. मोठे नट, मोठे दिग्दर्शक, दोन-तीन वर्षं ज्यांच्या बातम्या येताहेत असे सिनेमे. ईद, दिवाळी, नाताळ या तारखा त्यांनी वर्षभर आधीच अडवून ठेवलेल्या असतात. त्यांची वाट आपण पाहिली नाही तरी चालतं. बसथांब्यावर, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ते स्वतःच येऊन उभे राहतात.

मला सांगायचं आहे ते उजव्या रकान्याबद्दल. यात मी असे सिनेमे लिहितो, जे पूर्ण झाले आहेत, जगात कुठेतरी कुणीतरी पाहिले आहेत, पण आपल्या गावात अजून पोचलेले नाहीत. मंडळी, पुढच्या वर्षीचे निम्मे चांगले मराठी सिनेमे आजच तयार असतात. आपल्याला त्यांचा पत्ता नसतो, इतकंच.

उदाहरण देतो. २०१४ सालच्या डिसेंबरात माझ्या उजव्या रकान्यात दोन नावं होती. पहिलं ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाच्या या पहिल्याच चित्रपटानं त्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळवले होते. एका वृद्ध लोकशाहिरावरचा खटला हा त्याचा विषय. दुसरं नाव ‘किल्ला’. अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनला बालपरीक्षकांनी ‘क्रिस्टल बेअर’ दिलं होतं. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या शाळकरी मुलाची ती गोष्ट. ‘कोर्ट’ आपल्याकडे लागला १७ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे सात महिन्यांनी. ‘किल्ला’ आला २६ जून २०१५ रोजी, तब्बल सोळा महिन्यांनी.

हे काही एकाच वर्षापुरतं नाही. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’ला टोरंटोच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला सप्टेंबर २०२३ मध्ये. आपल्याकडे तो प्रदर्शित झाला ७ मार्च २०२५ रोजी. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला जानेवारी २०२५ मध्ये, आणि आपण तो पाहिला सप्टेंबरात.

मग ही नावं शोधायची कुठे? पहिली जागा म्हणजे महोत्सव. परदेशातले तर झालेच, पण आपल्याकडचेही. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ साली सुरू झाला, त्यात मराठी चित्रपटांची वेगळी स्पर्धा असते. गोव्यात २००४ पासून भरणाऱ्या ‘इफ्फी’मध्ये इंडियन पॅनोरमा हा विभाग असतो. महोत्सवाला जाता आलं नाही तरी हरकत नाही. त्यांची निवडयादी वर्तमानपत्रात येते, ती कापून ठेवायची.

दुसरी जागा राष्ट्रीय पुरस्कारांची. इथे एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. या पुरस्कारांसाठी चित्रपट कोणत्या सालचा, हे थिएटरात लागल्याच्या तारखेवरून ठरत नाही, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं. त्यामुळे पुरस्कार जाहीर होतो तेव्हा चित्रपट कुणी पाहिलेलाच नसतो असंही घडतं. २४ मार्च २०१५ रोजी ‘कोर्ट’ देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ‘किल्ला’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट. त्या दिवशी दोन्हींपैकी एकही थिएटरात आलेला नव्हता! अलीकडे मात्र ही जागा तितकीशी उपयोगाची राहिलेली नाही. २०२३ सालचे पुरस्कार जाहीर व्हायला १ ऑगस्ट २०२५ उजाडला.

आता कुणीही विचारेल, सिनेमा तयार आहे, नावाजलेला आहे, मग इतका उशीर का? कारण सिनेमा बनवणं आणि तो लावणं हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. पूर्वी रिळांच्या प्रती काढाव्या लागत आणि एकेक प्रत महाग पडे. आता प्रती काढायचा खर्च राहिला नाही. पण लोकांना सिनेमाची वर्दी द्यायचा खर्च राहिलाच, किंबहुना वाढला. ज्याच्यामागे भक्कम वितरक उभा, तो लवकर येतो. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनला दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रभर लागलासुद्धा. ज्याला तसा पाठीराखा मिळत नाही, त्याचा निर्माता आधी वितरक शोधतो, मग बरा शुक्रवार. परीक्षा, क्रिकेट, समोरचा मोठा हिंदी सिनेमा हे सगळं चुकवता चुकवता वर्ष सरतं.

आणि एवढं करून सिनेमा लागला की खरी कसोटी सुरू होते. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला तेव्हा पहिल्या दिवसांत जाणकारांनी त्याला पडेल ठरवलं होतं. तोच सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पुढे पाच वर्षं चालला. त्या काळी एक थिएटर म्हणजे एक सिनेमा. लोकांनी एकमेकांना सांगायला, सांगितलेलं ऐकून तिकीट काढायला अवधी मिळत असे. मल्टिप्लेक्समध्ये पाच-सहा पडदे असतात आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांच्या विक्रीवर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. रविवारी रात्री ज्याच्या खुर्च्या रिकाम्या, त्याचे खेळ कमी होतात किंवा सकाळी दहाला ढकलले जातात. शिवाय पैशाचं गणितही पहिल्या आठवड्याकडेच झुकलेलं. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा तंटा झाला. त्यातून जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात पन्नास टक्के आणि पुढे उतरत उतरत चौथ्या आठवड्यात तीस टक्के असा ठरला. म्हणजे हळूहळू चालणारा सिनेमा निर्मात्यालाही परवडत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. त्यावर गदारोळ झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी रुंदावली. सरकार पडदा मिळवून देऊ शकतं. समोरच्या खुर्चीत बसायचं काम आपलंच राहतं.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, चुकलो म्हणून सांगतो. ‘किल्ला’ची बातमी मी २०१४ च्या फेब्रुवारीत आईला वाचून दाखवली होती. तीही सरकारी नोकरीत होती आणि आम्हा दोघा भावंडांना घेऊन बदलीच्या गावी एकटीनं राहिली होती. ‘लागला की मला ने,’ ती म्हणाली. मग अधूनमधून विचारायची, ‘आला का रे तो?’ सोळा महिने तिनं विचारलं. शेवटी जूनमध्ये सिनेमा आला, आणि मी म्हटलं, पहिल्या रविवारी गर्दी असेल, पुढच्या शनिवारी निवांत जाऊ. शनिवारी साडी नेसून, पर्स घेऊन ती तयार झाली. थिएटरवर गेलो तर पोस्टर उतरलेलं. तिकीटखिडकीवरचा मुलगा म्हणाला, ‘गुरुवारपर्यंतच होता, काका.’ आई काही बोलली नाही. परत येताना भाजी घेऊ म्हणाली.

पुढे तिनं तो घरी, लहान पडद्यावर पाहिला. मधे कुकरची शिटी झाली, एक फोन आला. संपल्यावर म्हणाली, ‘छान आहे. पण यात पाऊस लहान दिसतो रे.’

तेव्हापासून डायरीतल्या उजव्या रकान्याला मी एक नियम लावून घेतला आहे. त्यातला सिनेमा लागला की पहिल्या तीन दिवसांत जायचं. गर्दी असेल ही भीती बाळगायची नाही, ती या सिनेमांना सहसा नसते.

‘स्थळ’ लागला त्या शुक्रवारी आम्ही दोघं संध्याकाळच्या खेळाला गेलो. थिएटरात आमच्यासकट अकरा माणसं. मुलगी पाहायला आलेली मंडळी तेच तेच प्रश्न विचारू लागली, तशी आई पुढे सरकून बसली. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, ‘माझ्या वेळी तर पोहेसुद्धा मीच केले होते, आणि मीठ कमी पडलं म्हणून एकानं नकार कळवला होता.’ ही गोष्ट मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हती.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आत तिनं मावशीला फोन लावला. सिनेमाचं नाव सांगितलं, कुठे लागलाय ते सांगितलं आणि वर बजावलं, ‘हे बघ, उद्याच जा. पुढच्या शनिवारवर ठेवू नकोस.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)