गावरान बियाणं शेतात परत कसं येतं?

एका शेतात नाना वाण लावावेत हे भाषणानं पटत नाही. शेजारणीच्या मांडवावर लगडलेला वाल पाहिला की पटतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. नातू आजारी पडला, तेव्हा त्यांचा संशय फवारणीच्या भाजीवर गेला आणि त्यांनी गावरान बियाणं जमवायला घेतलं. बी न्यायचं, पिकल्यावर दुप्पट परत करायचं, हा त्यांचा रिवाज. गाठीचा पैसा मोडत नाही, म्हणून गरीब बाईही धजावते.

आणि गुरुजी, चवीला विसरू नका! घरात आवडीनं खाल्लं जातं तेच बी पुढच्या सालासाठी राखलं जातं. बाजाराचं गणित मात्र निराळं. व्यापारी एकसारखा माल मागतो. तिथं गावरान वाण मागं पडतो. म्हणून सुरुवात बहुधा परसातूनच होते.