दर्यातले केशकर्तनालय

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब अलिबागला गेलो होतो. ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन आलो. परतताना गढूळ पाण्याकडे पाहत चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो निळ्या अंगाचा, काळ्या पट्ट्याचा मासा इथे का नाही?" मुंबईतल्या दुकानात पाहिलेला तो बोटाएवढा मासा त्याला दिवाळीला घरी हवा होता. मी 'बघू' म्हणून बसलो होतो!

मराठीच्या मास्तराला उत्तर कुठून सुचणार? घरी येऊन पुस्तके चाळली. हा मासा प्रवाळांतल्या नितळ पाण्याचा रहिवासी; रायगडचा किनारा गाळाचा. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखाली प्रवाळांचे मोठे पठार आहे. अलिबागेत ज्यांची समाधी आहे, त्या कान्होजी आंग्र्यांवरून त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. आपल्या माशाचे हमखास दर्शन घडते ते मात्र दूर दक्षिणेला, लक्षद्वीपात.

त्याचा धंदा मोठा मौजेचा! प्रवाळाचा एक कोपरा हे त्याचे दुकान. मोठाले मासे तिथे येऊन तोंड वासून स्वस्थ राहतात. हा बेधडक त्यांच्या जबड्यात, कल्ल्यांत शिरतो आणि अंगावरचे रक्तपिपासू किडे टिपतो. ऑस्ट्रेलियात एक मासा दिवसाला सुमारे 1200 किडे खातो असे आढळले. गिऱ्हाईक त्याला सहसा गिळत नाही.

पण खरी चटक त्याला गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. संधी साधून तो चावा घेतो. गिऱ्हाईक दचकते, त्याच्या मागे धावते, नाहीतर दुकान बदलते. मात्र दुसरी गिऱ्हाइके पाहत असली, की स्वारी एकदम सचोटीने वागते. प्राचार्य दारात दिसताच आमचे व्याख्यान रंगते, त्यातलाच प्रकार!

तरीही त्याच्यावाचून चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटापाशी काही प्रवाळांवरून हे मासे साडेआठ वर्षे दूर ठेवले. तिथे इतर माशांची संख्या 37 टक्क्यांनी आणि त्यांच्या जाती 23 टक्क्यांनी कमी भरल्या, असे 2011 साली प्रसिद्ध झाले. आणि काचेच्या पेटीत याला पुरेशी गिऱ्हाइके कुठली? तिथे तो बहुधा उपासमारीनेच मरतो.

हे सारे चिरंजीवांना सांगितले. दिलेला शब्द मोडताना माझाच आवाज पडला होता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राहू दे, बाबा. दिवाळीत त्याच्याकडे गर्दी असेल."