हिवाळ्यात उडणारा पतंग

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यात मार्चमध्येही जंगलात बर्फ असतो. झाडांना पालवी नाही, मग फुलं कुठली! अशा रात्री मेपलच्या बुंध्यावर, साल फुटून रस पाझरतो तिथे, एक तपकिरी पतंग सोंड लावून बसलेला दिसतो. हा यूप्सिलिया प्रजातीतला पतंग. युरोपातल्या त्याच्या भावंडाला ‘सॅटेलाइट’ म्हणतात, कारण पंखावरच्या मोठ्या ठिपक्याला खेटून दोन बारीक ठिपके असतात, ग्रहाजवळ उपग्रह असावेत तसे.

बहुतेक पतंग अंडी, अळी किंवा कोष या अवस्थेत थंडी काढतात. यूप्सिलिया मात्र शरदात कोषातून बाहेर पडतो, पाचोळ्याखाली दडून राहतो आणि रात्र जरा उबदार झाली की उडतो. पण उडायला छातीतले स्नायू सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागतात आणि बाहेर तापमान शून्याच्या आसपास! हे कोडं जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी उलगडलं. १९८७मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला.

पंख वर नेणारे आणि खाली आणणारे स्नायू एरवी आळीपाळीने आकसतात. उड्डाणापूर्वी हा पतंग ते जवळजवळ एकाच वेळी आकसवतो. पंख नुसते थरथरतात, सगळी शक्ती उष्णतेत जाते. ती ऊब छातीवरची दाट लव धरून ठेवते. पोटाकडे जाणारं उबदार रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच उष्णता देतं, म्हणून पोट गार राहतं, छाती तापलेली. ज्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही, त्या जिवाची ही काटकसर पाहून मन भरून येतं.

एवढा खटाटोप का? कारण वटवाघळं तेव्हा झोपलेली किंवा दूर गेलेली असतात, कीटक टिपणारे बरेचसे पक्षीही दक्षिणेला गेलेले असतात. थंडी सोसली की रात्र बिनघोर. वसंताच्या तोंडावर मादी अंडी घालते आणि अळ्यांना कोवळी पालवी मिळते.

उडण्याआधीची ही थरथर आपल्याकडेही दिसते. पावसाळ्यात ओसरीवरच्या दिव्याखाली एखादा मोठा पतंग पंख थरथरवत बसलेला असतो. तो मरायला टेकलाय असं समजून त्याला केरसुणीने लोटू नका. क्षणभर थांबा. तो अंग तापवतोय, आता उडेल.