लहान ट्रॅक्टरमधील तापनियामक झडप : कार्य, दोष व दुरुस्ती

डिझेल एंजिनात इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकी साधारणपणे एक-तृतीयांश उष्णतेचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुराबरोबर बाहेर जातो व बराचसा भाग सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. हा दुसरा भाग वाहून नेण्यासाठी शीतनव्यवस्था योजलेली असते. तिच्या नावामुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे. तो असा की, एंजिन जितके थंड तितके बरे. वस्तुतः शीतनव्यवस्थेचे काम एंजिन थंड ठेवणे हे नसून ते योग्य तापमानावर ठेवणे हे होय. आणि ते तापमान राखण्याची जबाबदारी एका मूठभर आकाराच्या झडपेवर असते. कारखान्यांतून तिला थर्मोस्टॅट म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला तापनियामक झडप असे म्हटले आहे.

नाशिक व सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षबागांतून, वेलींच्या ओळींमध्ये मावतील असे लहान ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. ही झडप अडकली की ती काढून टाकावयाची आणि तिच्यावाचूनच ट्रॅक्टर चालवावयाचा, असा सोपा उपाय पुष्कळदा केला जातो. एंजिन तापेनासे होते, म्हणून तो यशस्वी वाटतो. परंतु त्याचे खरे मोल काही हंगामांनंतर द्यावे लागते. ते कसे, हे झडपेची रचना पाहिल्यावर ध्यानात येईल.

झडपेची रचना

एंजिनाच्या हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या मार्गावर ही झडप बसविलेली असते. तिच्या मध्यभागी पितळेची एक बंद डबी असून तिच्यात विशिष्ट मेण भरलेले असते. मेण वितळताना त्याचे आकारमान बरेच वाढते. त्या दाबाने डबीतील दांडी बाहेर ढकलली जाते व झडप उघडते. पाणी निवले म्हणजे मेण आकुंचन पावते आणि स्प्रिंग झडपेस पुन्हा बंद करते. अनेक लहान डिझेल एंजिनांत ही झडप सुमारे ७१ अंश सेल्सिअसला उघडू लागते व ८५ अंशांच्या सुमारास पूर्ण उघडते. काहींत हे आकडे अधिक असतात. झडप बंद असेपर्यंत पाणी एंजिनातच फिरत राहते व एंजिन लवकर तापते.

मेणाची ही योजना अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. त्यापूर्वी बाष्पनशील द्रव भरलेला धातूचा भाता वापरीत. भाता फुटला तर झडप बहुधा उघडी राही. मेणाच्या डबीतून मेण गळाले तर मात्र झडप बंदच राहते. म्हणून आजच्या झडपेतील बिघाड अधिक सावधपणे पाहावा लागतो.

अडकण्याची कारणे

शीतनव्यवस्थेत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे दुष्फेन पाणी घालण्याची सवय हे पहिले कारण होय. असे पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार दांडीवर व झडपेच्या बैठकीवर साचतात. गंजाचे कण हे दुसरे कारण. या दोहोंमुळे झडप जेथे असेल तेथे, म्हणजे उघड्या किंवा बंद स्थितीत, अडकते. मेण गळणे व स्प्रिंग तुटणे ही आणखी दोन कारणे. पहिल्याने झडप बंद राहते, तर दुसऱ्याने उघडी.

थंड एंजिनाची झीज

बंद अडकलेली झडप लपून राहत नाही. काटा चढतो, पाणी उकळते आणि चालक एंजिन थांबवितो. उघडी अडकलेली, किंवा काढून टाकलेली, झडप मात्र काहीच बोलत नाही. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. सिलिंडरची भिंत पुरेशी तप्त नसेल तर ती वाफ भिंतीवर द्रवरूप होते आणि तीत ज्वलनातील आम्लद्रव्ये विरघळतात. सिलिंडरची झीज केवळ घर्षणाने होत नसून अशा गंजण्यानेही होते व थंड भिंतींवर ती झपाट्याने वाढते, हे ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेच्या संशोधनाने १९३० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते.

भारतात एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षांत १० भागांवर आणले गेले आहे. त्यामुळे गंधकाम्लाचा उपद्रव पुष्कळ घटला, ही गोष्ट खरी. परंतु पाणी घटले नाही, आणि न जळलेले इंधनही घटले नाही. थंड सिलिंडरमध्ये इंधनाचा काही अंश भिंतीवरून ओघळून वंगण तेलात उतरतो व तेल पातळ करतो. तेलात पाणी मिसळून गाळ होतो. डिसेंबरच्या पहाटे सुरू होऊन हलक्या ओझ्याने अर्धा तास चालणारा आणि पुन्हा थांबणारा बागेतील ट्रॅक्टर या हानीस विशेष पात्र असतो.

काही एंजिनांत झडप उघडताना तिचाच दुसरा भाग पाण्याचा आडमार्ग बंद करतो. अशा एंजिनातून झडप काढल्यास पाणी रेडिएटर टाळून आडमार्गाने फिरते व एंजिन उलट अधिक तापते.

निदान

झडपेस दोष देण्यापूर्वी पाण्याची पातळी, पंख्याच्या पट्ट्याचा ताण आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा पाहावा. तापण्याची कारणे पुष्कळदा तेथेच सापडतात. त्यानंतर थंड एंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीस पंख्यापासून हात दूर ठेवून स्पर्श करावा. झडप निर्दोष असल्यास नळी काही वेळ थंड राहते व मग थोडक्या अवधीत गरम होते. ती आरंभापासूनच हळूहळू कोमट होत गेली व काटा खालीच राहिला, तर झडप उघडी अडकली असे समजावे. काटा वर चढूनही नळी थंडच राहिली, तर झडप बंद असण्याचा संभव मोठा.

परीक्षा व दुरुस्ती

एंजिन पूर्ण निवल्याखेरीज रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि ते उसळून गंभीर भाजते. झडपेच्या पातळीखाली येईल इतके पाणी स्वच्छ भांड्यात काढावे. त्यात ग्लायकॉल असल्यास ते जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये, कारण ते गोड व विषारी असते. मग झडपेवरील आवरण काढून झडप कशी बसली आहे हे नीट पाहावे व ती बाहेर घ्यावी.

थंड झडपेत उघडी फट दिसली, तर निर्णय तेथेच झाला. ती बंद असल्यास स्प्रिंग दाबून फटीत दोरा अडकवावा व त्या दोऱ्याने ती पाण्याच्या भांड्यात, तळास न टेकेल अशी, तापमापकासह टांगावी. पाणी ढवळत हळूहळू तापवावे. झडप दोऱ्यावरून सुटून पडेल तो तिच्या उघडण्याचा बिंदू. तो झडपेवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. पुढे पूर्ण उघडल्यावर फट काही मिलिमीटरांची व्हावी आणि पाणी निवल्यावर झडप घट्ट मिटावी. तापमापकाची परीक्षाही याच भांड्यात होते; नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी १०० नव्हे, तर ९८ अंशांच्या आसपास उकळते.

क्षारांनी अडकलेली झडप सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवल्यास कधीकधी मोकळी होते. परंतु पुन्हा परीक्षेस उतरली तरच ती वापरावी. मेणाची डबी उघडून दुरुस्त करता येत नाही; तेथे त्याच तापमानाची नवी झडप घेणे हाच उपाय होय.

बसविताना मेणाची डबी एंजिनाकडे असावी आणि हवा सुटण्याचे लहान छिद्र असल्यास ते वरच्या बाजूस यावे. जुन्या गॅस्केटचे कण खरवडताना छिद्रात फडके कोंबावे, नवे गॅस्केट घालावे व बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात ग्लायकॉल व शुद्ध पाणी हळूहळू भरावे. झाकण न लावता एंजिन मंद चालवावे. नळी गरम होण्याच्या सुमारास कोंडलेली हवा निघून पातळी उतरते, ती भरून काढावी व मग झाकण लावावे.

या सर्व कामास अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाही, आणि झडपेची किंमत एंजिन उघडण्याच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक असते. झडप काढून टाकल्याने दोष नाहीसा होत नाही. तो फक्त दिसेनासा होतो.