क्वार्टरबॅक गेला की किती सामने जातात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. कोण मोकळा आहे हे हेरून चेंडू फेकायला त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. इंडियानापोलिस कोल्ट्सने 2010 मध्ये सोळापैकी 10 सामने जिंकले. पुढच्या वर्षी मानेच्या दुखण्यामुळे त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग एकही सामना खेळला नाही आणि विजय उरले 2. ही सगळी घसरण एकट्याच्या खात्यावर मांडायचा मोह होतो. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी 2008 मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला, तरी राखीव मॅट कॅसलला घेऊन संघाने 11 सामने जिंकले. आदल्या वर्षी सोळाच्या सोळा जिंकले होते हे खरे. पण तसा हंगाम ब्रेडीलाही पुन्हा कधी साधला नाही. तेव्हा मोजायला हवे ते तारा आणि त्याचा बदली यांच्यातले अंतर, आणि बाकीचा संघ ते कितपत झाकतो.

यावर कोणी टॅम्पा बेचा दाखला देईल. आदल्या हंगामात 7 सामने जिंकलेला हा संघ 2020 मध्ये ब्रेडी येताच सुपर बोल जिंकला. बिनतोड वाटते खरे! पण त्याच अंतिम सामन्यात टॅम्पाच्या बचावफळीने कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करू दिला नाही, आणि समोर क्वार्टरबॅक म्हणून साक्षात पॅट्रिक महोम्स होता. उलट 2015 च्या साखळी सामन्यांत डेन्व्हरकडून खेळताना मॅनिंगचे 9 टचडाउन पास आणि 17 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) झाले. तरी बचावाच्या जोरावर डेन्व्हर विजेता ठरला.